बांगडीच्या काचेचं वय

अहो, दिवस-कार्य उरकलं. पाहुणे आपापल्या गावी गेले. तुमची थोरली बहीण तेवढी राहिली आहे. आक्का आत्ता ओट्यावर बसून शेंगा फोडताहेत, आणि मला पहिल्यांदाच तुमच्याशी बोलायला निवांतपणा मिळाला आहे.

तुम्ही मला एक विचारलं होतंत आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. "मी गेल्यावर तुझ्या हातातल्या बांगड्या कुणाला फोडू देऊ नकोस. देतेस शब्द?" असं विचारलं होतंत. मी "गप बसा" म्हणाले. आपलं बोलणं तिथंच अडलं, आणि पुढं तुम्ही मला अंगणात सगळ्या बायकांसमोर त्या प्रश्नासकट बसवून निघून गेलात. काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं. पण मला एकदम तिथं जाता येत नाही. थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

शाळेत शोकसभा झाली. तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. इतिहासाचे सर, वक्तशीर, शिस्तीचे, उभ्या बारामतीत असा शिक्षक नाही. मी पुढच्या खुर्चीवर पदर डोळ्याला लावून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांच्यातल्या एकानंही तुम्हाला खापर चाटताना बघितलेलं दिसत नाही. मी बघितलं होतं. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात, विहिरीच्या खोदकामातून निघालेला तुकडा तुम्ही पुसलात आणि सरळ जिभेला लावलात. मला वाटलं, झालं, बापानं वेड्याच्या गळ्यात बांधलं. मग तुम्ही शांतपणे सांगितलंत की साधं भाजलेलं मातीचं भांडं असलं तर तुकडा जिभेला चिकटतो, कारण माती पाणी ओढते, आणि चिनी माती असली तर चिकटत नाही. मी म्हणाले, "कळलं. पर जेवायच्या आदी चूळ भरा." ते मी तुम्हाला जन्मभर म्हणत राहिले.

पणदऱ्याला माझ्या माहेरी तुम्ही काय केलंत ते आठवतं का? माझ्या भावानं नव्या जावयासाठी कपाटातली ठेवणीतली कपबशी काढली. तुम्ही चहा बशीत ओतलात, रिकामा कप उलटा केलात आणि खिशातून भिंग काढून त्याचं बूड बघत बसलात. शेवटी भाऊ घाबरून म्हणाला, "दाजी, कपात काय मुंगी-बिंगी निगाली का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाही हो. पण याच्या बुडावर देशाचं नाव आहे, ते छापायची पद्धत नंतरची, म्हणजे तुमच्या आज्यानं घेतलेला नाही, तुमच्या वडिलांनी घेतलेला असणार." वडील दारातच उभे होते. ते खूश झाले. तो कप त्यांनीच पुण्याहून आणला होता, आणि घरात सगळे तो आज्याचा म्हणून सांगायचे. त्या दिवसापासून माझे वडील तुम्हाला मानायला लागले. माझी आई मात्र तुम्हाला पितळीतूनच चहा द्यायची.

माणसं तुमच्याकडं वस्तू घेऊन यायची. सुप्याचे एक तात्या पोत्यात गुंडाळून एक बरणी घेऊन आले होते, खाली पांढरी, वर तपकिरी. घरात सांगत आले होते म्हणे की ती शिवाजी महाराजांच्या काळातली. मला तर बघताक्षणी कळलं की लोणच्याची बरणी आहे, तसलीच माझ्या फडताळात होती. मला हसू आवरेना म्हणून मी आत गेले. तुम्ही ती बरणी मांडीवर घेतलीत, टिचकी मारून आवाज ऐकलात, तळाची बिनचकाकीची कड बोटानं चाचपलीत, आणि म्हणालात, "तात्या, एवढी जुनी नाही ही. पण एवढी जपलेली मी बघितली नाही. कुणी जपली?" तात्या म्हणाले, "आमच्या म्हातारीनं. हात न्हाय लावू दिला कुणाला." मग तुम्ही त्यांच्या म्हातारीबद्दल विचारत राहिलात. तात्या जाताना बरणी पहिल्यापेक्षा जास्त सांभाळून घेऊन गेले. तुमचा हा स्वभाव मला फार आवडायचा, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

घराचा मात्र तुम्ही उकिरडा केलात. न्हाणीघरातल्या बादलीत खापरं भिजत घातलेली. देवळीत गोटी सोड्याच्या बाटल्या. मी चिडायचे, आदळआपट करायचे, आणि मग धुणं वाळत घालताना माझीच नजर बाटलीच्या शिवणीकडं जायची. साच्याची रेघ मानेशी थांबते की ओठापर्यंत जाते? ओठापर्यंत गेली तर यंत्राची, अलीकडची. कप उन्हात धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते का? नक्षी छापाची असली तर कुठंतरी तिची दोन टोकं नीट जुळलेली नसतात, ती जागा शोधायची. हे सगळं तुम्ही मला शिकवलंत असं नाही. तुम्ही आपलं आपल्याशी बोलत होतात आणि मी भाकरी थापत ऐकत होते. आता माझाही हात कुणाच्या घरी गेलं की कप उलटा करायला शिवशिवतो. तुमच्यामुळं मला घरातल्या साध्या वस्तूंकडं बघायला आलं. त्याबद्दल तुमचे उपकार मानायचे राहून गेले.

आता त्या हिरव्या काचांकडं येते.

तुमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. एरवी तिथं नुसतं पाणी आणि मासेमारांच्या होड्या. पाऊस ओढ देऊन गेलेल्या वर्षी मात्र उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं आणि गाव बाहेर यायचं. मग तुम्हाला घरात चैन पडायचं नाही. मला एम-एटीवर मागं बसवायचं, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली, भिगवणवरून पुढं आत वळायचं. भेगाळलेल्या गाळावरून चालताना तुम्ही दाखवत जायचात. हा आमचा उंबरा. ही चुलत्याची चावडीकडची भिंत. मला जोत्याच्या दगडांखेरीज काही दिसायचं नाही. तुम्ही मात्र वाकून एखादं खापर उचलायचात आणि म्हणायचात, "ही आपल्याच रांजणाची खापरी असणार." मी म्हणायचे, "असंल. आता त्याला चाटू नका."

त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा लांब गेलं होतं. घाटाच्या खालच्या पायऱ्यासुद्धा उघड्या पडल्या होत्या, महादेवाच्या देवळाखालच्या. तिथं एका बाजूला गाळात काहीतरी चमकलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि बोटांनी उकरायला लागलात. बांगड्यांचे तुकडे होते. हिरवेगार, आणि पुष्कळ. तुम्ही एरवी काही सापडलं की लहान मुलासारखे ओरडायचात. त्या दिवशी काहीच बोलला नाहीत. रुमाल पसरलात, तुकडे त्यात भरलेत आणि सरळ गाडीकडं निघालात. मला वाटलं ऊन लागलं.

घरी पुठ्ठ्यावर कंपासनं एकात एक वर्तुळं काढलीत. तुकडा ज्या वर्तुळावर नीट बसेल तेवढी मूळ बांगडी. मग भिंग घेतलंत. काचेतले बुडबुडे लांबट ओढल्यासारखे आणि जोड कुठंच नाही, तर भट्टीवर फिरवून केलेली, जुनी. जोड दिसला तर नंतरची, कारखान्यातली. एका तुकड्यावर बोलायचं नाही, जोड नेमका दुसऱ्या तुकड्यात असू शकतो, पुष्कळ बघायचे आणि मग बोलायचं. वर धरलेल्या सप्तरंगी पापुद्र्यावर तर भरवसाच ठेवायचा नाही, पाण्याखाली तो लवकर धरतो. तुम्ही दिवसेंदिवस वेगवेगळे ढीग करत बसलात. मी केर काढायला आले आणि सहज एक तुकडा वर्तुळावर ठेवून बघितला. तो अगदी आतल्या वर्तुळावर बसला. दुसराही तिथंच बसला. ती बांगडी माझ्या चार बोटांतूनसुद्धा गेली नसती.

"पोरीबाळींच्या हायत ह्या," मी म्हणाले.

"असतील. घाटावर कासाराचं दुकान असणार. फुटका माल टाकत असेल तिथं."

"कासाराच्या दुकानात काय हिरव्याच फुटत्यात?"

"मग बायका धुणं धुताना फुटल्या असतील."

"अवो, धुण्यात एखादी फुटंल. हा ढीग हाय. आन् एवढ्या ल्हान हाताच्या पोरी काय धुणं बडवत्यात? घाटावर दहाव्याला बायांना नेत्यात. तितल्या हायत ह्या. तुमाला कसं कळंना?"

तुम्ही माझ्यावर ओरडलात. "तुला यातलं काय कळतं?" म्हणालात, आणि तुकडे गोळा करून बिस्किटाच्या डब्यात भरलेत, डबा कपाटावर टाकलात. आपला कितीतरी दिवस अबोला होता. मला राग आलाच होता, पण त्याहून नवल वाटत होतं. जो माणूस सुप्याच्या तात्यांना बरणी जुनी नाही हे सांगायला अर्धा तास घेतो, तो मला असं तोडून बोलतो? आणि जो एका तुकड्यावर बोलत नाही तो कासाराचं दुकान कुठून काढतो? तुमच्याच ढिगांत स्पष्ट दिसत होतं. जुन्या काचेत ते इवलेसे तुकडे पुष्कळ होते, जोडाच्या काचेत एकही नव्हता. पुढं पुढं लहान मुलींवर ती वेळ यायची थांबली, एवढं तर मलाही वाचता आलं. तुम्हाला आलं नसेल हे मला पटेना.

मग श्रावणात कासारीण आली. मी व्हरांड्यात हात पुढं करून बसले, ती माझी बोटं दाबून बांगडी चढवत होती, आणि तुम्ही शाळेतून आलात ते तिथंच उभे राहिलात. पुरुषमाणूस तिथं थांबत नाही. कासारीण लाजून म्हणाली, "सरांना बी भरायच्यात का?" तुम्ही हसला नाहीत. ती गेल्यावर तुम्ही माझ्याशेजारी बसलात आणि ते विचारलंत.

"भरल्या हातानं असलं आयकायचं व्हय? गप बसा. मी तुमच्या आदी जाणार, अहेव."

"ते तुझ्या हातात नाही, मालन."

एवढं बोलून तुम्ही उठलात. पुन्हा तो विषय काढला नाहीत. मीही काढला नाही. आपल्यात वेळ भरपूर आहे असं मला वाटत होतं.

तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. सकाळी तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. नव्या गावठाणातून धाकटे भावजी आक्कांना जीपमधून घेऊन आले. आक्का रडल्या नाहीत. तुमच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझं कुंकू कुणी पुसलं ते मला कळलंसुद्धा नाही. ते मला अडवता आलं नाही, मला माफ करा. मग चुलत जाऊबाईंनी परसातून दगड आणला आणि आक्कांच्या हातात दिला. आपल्या भावकीत हे काम घरातली थोरली विधवा करते. आक्कांनी आजवर किती जणींचं केलं असेल, त्यांनाच ठाऊक.

त्यांनी माझा हात धरला. आणि खरं सांगू? त्या वेळी मला वाटलं, फोडून टाका. ज्यांच्यासाठी भरल्या ते समोर कापड पांघरून पडलेत, आता यांचं काय करू? तुमचा प्रश्न मला आठवत होता आणि तुमचाच राग येत होता. स्वतः सुटलात, भांडण माझ्या गळ्यात टाकलंत. पण तोंडातून शब्द आले. मी म्हणाले, "आक्का, ह्यांनी नगं म्हनून सांगितलं हुतं."

बायकांत कुजबुज झाली. जाऊबाई म्हणाल्या, "आसं कुटं आसतंय व्हय? आक्का, उरका. उनं चढायला लागल्यात."

आक्का उठल्या नाहीत, की दगडही उचलला नाही. तुमच्याकडं बघत बसल्या. मग बोलल्या ते माझ्याशी नाही, सगळ्यांशीच.

"माझ्या येळंला ह्यो शेंबडं प्वार हुता. माझं लगीन झाल्यालं, नांदाया गेली न्हवती. तिकडनं सांगावा आला आन् मला घाटावर नेली. मला काय कळतंय? ह्यो मागं मागं आला. बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या, तर ह्यो खाली बसून काचा येचाया लागला. सदऱ्यात भरून मला म्हनला, आक्का, रडू नगंस, मी जोडून देतो. आईनं त्याला एक ठिवून दिली, सदरा झाडून काचा नदीत टाकल्या. ह्येच्या हाताला रगात लागल्यालं. घरी जाऊस्तवर म्हनत हुता, मी जोडून देतो, मी जोडून देतो." आक्कांनी दगड बाजूला सारला. "आता ह्येच्याच म्होरं मी काचा पाडू व्हय?"

"आक्का, लोक काय म्हंतील?"

"काय म्हनायचं ऱ्हायलंय लोकांचं? मला म्हनून झालंय की समदं."

त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर पदर ओढला आणि भावजींना म्हणाल्या, "न्या त्येला." तुम्हाला उचललं तेव्हा माझ्या बांगड्या माझ्या हातात होत्या. हे ते उत्तर. मी दिलं म्हणता येणार नाही, आक्कांनी दिलं. पण तुम्हाला मिळालं.

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी तुमच्या खापरांवर चिडत होते. घरात काही फुटलं की तुम्ही तुकडे टाकू द्यायचा नाहीत, रात्रंदिवस डिंक आणि तुकडे, मी त्याला खुळ म्हणत होते. त्या घाटावर गुडघ्यावर बसलात तेव्हा तुम्हाला काय दिसलं असेल? आणि मी घरी त्याच जखमेत बोट घालून उकरत होते, पोरीबाळींच्या आहेत, घाटावरच्या आहेत, तुम्हाला कळत कसं नाही. एकदा म्हणायचं होतंत, मालन, गप, आमच्या आक्काच्या आहेत. मी जन्मात तो विषय काढला नसता.

काल दुपारी मी तो डबा कपाटावरून काढला. आक्कांपुढं ठेवावा की नाही याचा पुष्कळ विचार केला. मग वाटलं, तुम्ही त्यांच्यासाठीच गोळा केल्या असतील, त्यांना द्यायचं धाडस झालं नसेल. तुमचं अर्धं राहिलेलं काम आपण करावं. मी पदर पसरून त्यावर काचा ओतल्या. ते सगळ्यात आतल्या वर्तुळाचे तुकडे वेगळे केले आणि म्हणाले, "आक्का, घाटावर सापडल्या. ह्यांनी जपून ठेवल्यात. तुमच्या हायत."

आक्कांनी एकेक तुकडा उचलला. डोळ्याजवळ नेला, उजेडाकडं धरला, अगदी तुम्ही धरायचात तसाच. मग मान हलवली.

"ह्या माझ्या न्हाईत, मालन."

"आवो, आक्का, तितंच घाटाखाली..."

"लग्नातला हिरवा चुडा माझा आदीच पिचल्याला, खेळताना. माझ्या हातात जत्रंतल्या निळ्या हुत्या. आईनं घेतल्याल्या. त्या फोडल्या." त्या तुकडा उलटसुलट करत राहिल्या. "माझ्या न्हाईत. दुसऱ्या पोरीच्या हायत."

अहो, ऐकलंत? आक्कांच्या नव्हत्या. त्यांच्या निळ्या होत्या आणि त्या नदीत गेल्या. तुम्ही एवढे लहान होतात की रंग तुमच्या लक्षात राहिला नाही. इतक्या वर्षांनी घाटावर काचा दिसल्या आणि तुम्ही त्या आपल्या बहिणीच्या समजून उचलल्यात, त्यांच्यापायी माझ्याशी अबोला धरलात, कपाटावर ठेवून रोज खालून जात राहिलात. बाकी कुठल्याही तुकड्याला तुम्ही रंग, जोड, बुडबुडे बघितल्याशिवाय नाव दिलं नसतंत.

मला वाटलं आक्का आता डबा बाजूला सारतील. पण त्यांनी तुकडे परत पदरात टाकले नाहीत. तळहातावर घेऊन बसल्या आणि हळूहळू बोलायला लागल्या.

"ही गोदीची आसंल. न्हाय, गोदी थोराड हुती. मग बकुळा. देवळामागं ऱ्हायची. तिनं तर दादला बगितल्यालाच न्हाय." दुसरा तुकडा. "ही यमुनीची. आमी संगं भातुकली खेळायचो." मग आणखी एक. "ही कुनाची गं? शेवंताच्या धाकटीची आसंल. तिचं नाव काय बरं... तिचं नाव बी मला आठवंना."

त्या आठवत राहिल्या. मी समोर बसून होते, हात मांडीवर ठेवून. जरा हलवला असता तर माझ्या बांगड्या वाजल्या असत्या.